अकरा अंशांचा फरक

लोखंडी पाइपांची चळत थेट सुकाणूच्या खोलीच्या भिंतीला टेकली होती. मेटबाईंनी ती धक्क्यावरूनच पाहिली. त्या शिडी चढून वर गेल्या आणि होकायंत्राच्या काचेवर वाकल्या. धक्का कुठल्या दिशेला आहे हे नकाशावर छापलेलं असतं, आणि धक्क्याला घट्ट बांधलेल्या जहाजाची नाळही, म्हणजे पुढचं टोकही, त्याच दिशेला असते. काल डेक रिकामा असताना होकायंत्र तसंच दाखवत होतं. आज ते अकरा अंश चुकत होतं. एवढं लोखंड शेजारी आणून ठेवल्यावर ते तरी काय करणार?

मेट म्हणजे जहाजावर कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. माल नीट रचलाय या कागदावर मेटची सही झाल्याशिवाय जहाज सुटत नाही. बाईंनी तो कोरा कागद घडी घालून खिशात टाकला आणि खलाशांच्या मुकादमाला, तांडेलाला, सांगितलं, क्रेन परत बोलवा, पाइप पुढे हलवायचेत.

वीस मिनिटांत मालक हजर. आधी तो हसला. उपग्रहावर चालणारं यंत्र असताना त्या जुन्या डबीकडे बघतं कोण, म्हणाला. बाईंनी आठवण करून दिली की गेल्या महिन्यात धुक्यात तेच यंत्र दीड तास बंद पडलं होतं आणि उथळ खडक चुकवून सगळे घरी आले ते या डबीच्या भरवशावर. कप्तान बाजूलाच उभे होते. निवृत्तीला चार महिने राहिलेले, त्यामुळे ते आपल्या बुटांची टोकं न्याहाळत होते.

मालकाचा आवाज चढला. घरी बसलेले मेट पुष्कळ आहेत, म्हणाला.

"बोलवा की," बाई म्हणाल्या. "मी इथेच बसते."

आणि स्टूल ओढून त्या होकायंत्राशेजारी खरंच बसल्या.

मालकाने मुद्दाम त्यांच्या मामाला बोलावलं. मामाने तीस वर्षं मेटगिरी केलेली. भाची समुद्रावर जायला निघाली तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. बाईंची आई आजारी पडली तेव्हाही दोघं दवाखान्यातल्या बाकाच्या दोन टोकांना बसून होती. तो भाचीची चांगली जिरवेल आणि तिच्याऐवजी सही करेल, असा मालकाचा हिशेब.

मामा आला. भाचीकडे पाहिलंही नाही. चष्मा लावला, नकाशा पाहिला, काचेवर टिचकी मारली, पुन्हा नकाशा पाहिला. मग खाली उतरून पाइपांभोवती एक फेरी मारून आला. बाई स्टुलावरून हलल्या नाहीत. मालकाने सहीसाठी पेन मामापुढे केलं.

"हिचं चुकलंय," मामा म्हणाला. मालकाचा चेहरा खुलला. "अकरा नाही, साडेबारा आहे. आणि पाइपांच्या त्या साखळ्या इतक्या सैल कोणी बांधल्यात? कपडे वाळत घालायचे होते का?"

पेन तसंच राहिलं. मालकाने वरूनच तांडेलाला दोर सोडायला फर्मावलं. तांडेल दोराच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसला आणि शांतपणे म्हणाला, कागद आला की सोडतो.

"मामा, चहा घेता?" बाईंनी विचारलं.

"आधी पाइप हलव."

क्रेन दुपारी आली. मामा धक्क्यावर उभा राहून प्रत्येक साखळीला नावं ठेवत होता आणि खलाशी ती निमूटपणे पुन्हा आवळत होते. जाताना मालक बाईंना म्हणाला, माझ्या जहाजावरची ही तुमची शेवटची फेरी. बाईंनी ते कारणासकट लेखी मागितलं. तो काही न लिहिताच गाडीत बसला.

काम संपल्यावर बाईंनी होकायंत्र पुन्हा तपासलं. जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक. खिशातला कागद काढून त्यांनी त्यावर सही केली. मग त्यांनी जहाजाची नोंदवही उघडली आणि उशीर का झाला ते, पाइप मालकाच्या सांगण्यावरून तिथे रचले होते यासकट, लिहून काढलं. एवढं सगळं लिहायची गरज नाही, असं कप्तान हळूच म्हणाले. बाईंनी शेवटची ओळ पूर्ण केली. खाली पूर्ण नावाने सही केली.

कप्तानांनी चष्मा लावून, वाकून ते वाचलं. मग त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि त्या सहीखाली आपली सही केली.