नावं ठेवणारा

“यंदा तू राहू दे, मुखरू.”

वारलू मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मुखरूचा एक गाल पांढरा रंगवून झाला होता, दुसरा बाकी होता. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, ऊन उतरणीला लागलेलं, शाळेच्या पटांगणात नाच-गाण्यांची आणि सोंगांची दंडार उभी राहायची वेळ झालेली. या दंडारीतलं सोंग गेली चौतीस वर्षं मुखरूचंच होतं.

“काऊन? काई चुकलं काय?”

“चुकलं नाई. कमिटीनं ब्रह्मपुरीवरून विक्की म्हणून पोरगा आनला. मिमिक्री करते. लोकायले आता थेच पायजे.”

कमिटी म्हणजे मास्तरच. मुखरूला ते ठाऊक होतं. त्यानं दुपट्ट्यानं गाल पुसला. रंग अर्धाच निघाला.

मुखरू वर्षभर राईस मिलमध्ये पोती उचलायचा आणि मंडईच्या एका दिवशी अख्ख्या गावाला नावं ठेवायचा, तेही तोंडावर. गाव हसून लोळायचं. पाण्याची टाकी उभी राहिली तेव्हा तो म्हणाला होता, “टाकी झकास हाय, आता पान्याले पत्र लिहा.” बातमी मास्तरांनी पुरवायची आणि तिला शेपूट मुखरूनं लावायचं, अशी दोघांची जोडी होती.

मुखरूचं मोमस हे टोपणनावही मास्तरांनीच ठेवलेलं. ग्रीस देशात म्हणे या नावाचा एक देव होता आणि बाकीच्या देवांना नावं ठेवणं एवढंच त्याचं काम. एका देवीनं घर बांधलं, तर म्हणाला, याला चाकं कुठं आहेत? शेजारी वाईट निघाला तर हलवणार कसं? एका देवानं माणूस घडवला, तर म्हणाला, छातीला खिडकी ठेवायची होती, आत काय शिजतंय ते दिसलं असतं. मुखरूला हा देव फार आवडला. मिलमधली पोरं ‘मोमसभाऊ’ म्हणायची आणि हा ऐटीत ओ द्यायचा.

यंदा मास्तरांची सून नीलिमा सरपंच झाली होती. तिनं बांधलेल्या समाजमंदिराचं दार नेमकं नालीवर उघडत होतं. आठ दिवसांपूर्वी मुखरूनं मास्तरांना नवा मासला ऐकवला होता, “समाजमंदिरात लगन करा, पन आंदी नवरीले लांब उडी शिकवा.” मास्तर चष्मा काढून डोळे पुसेस्तोवर हसले होते. मुखरूला वाटलं, यंदा बाजी मारली.

विक्की आला. टाकी, नाली, समाजमंदिर, कशाचं नाव नाही. त्यानं कमरेत वाकून तोंडाचं बोळकं केलं आणि दोरीवर एक लाल लुगडं टांगलं.

“गावात एक बुढा हाय. बायको मेली, तं तिचं लुगडं वळनीवर टांगते, अन् त्याले जोक सांगते. वाऱ्यानं लुगडं हाललं का म्हनते, पाहा, हासली.”

पटांगण हसून फुटलं. कुणीतरी मुखरूकडे बोट दाखवलं, मग सगळ्यांनीच माना वळवल्या.

बायको आशाबाई गेल्यावर ही गोष्ट मुखरूनं एकाच माणसाला सांगितली होती, तलावाच्या पाळीवर बसून, रडत. लोक हसले याचं त्याला काही नव्हतं, हसवण्यातच तर त्याचा जन्म गेला. पण त्यानं आजवर उघड्यावरची टाकी आणि उघड्यावरची नाली दाखवली होती. कुणाच्या छातीत हात घातला नव्हता.

दंडार संपल्यावर मास्तरांनी त्याला नालीपाशी गाठलं.

“राग नको धरू मुखरू. पोरगा इचारत होता, गावात कोन कसा हाय. बोलता बोलता सांगून गेलो.”

“मास्तर, त्या मोमसचं पुढं काय झालं?”

मास्तरांनी नालीकडे पाहिलं. “देवायनं हाकलून देल्लं त्याले.”

“चौतीस साल झाले. थे तुमी मले कदी सांगतलंच नाई.”

मुखरू दोन पावलं गेला आणि थांबला.

“पोरगा बरा हाय. एकच चूक केली. आशाचं लुगडं हिरवं हाय, त्यानं लाल आनलं. थेवढं सांगाचं तुमी विसरले.”

घरी येऊन सवयीनं तो वळणीसमोर बसला. मंडईचा दिवस, सांगायला पुष्कळ होतं. दारातून वारा आला आणि लुगडं हललं. मुखरूनं मान खाली घातली. थोड्या वेळानं उठून त्यानं ते वळणीवरून काढलं आणि एकट्यानंच, एक टोक हनुवटीखाली धरून, त्याची घडी घातली. काठाला काठ जुळला नाही. ते त्याला दिसलं. त्यानं नावं ठेवली नाहीत, घडी तशीच पेटीत ठेवली.