दोन चालींचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना सिलिकॉनचा तुकडा आहे. आकाराने करंगळीच्या नखाएवढा, रंगाने करडा आणि स्वभावाने अस्वस्थ. स्वस्थ बसू तरी कसा? माझ्या अंगात इतकी भोकं आहेत, की तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारभर शेजारीशेजारी मावतील. त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर आख्खं जेवणाचं टेबल झाकलं जाईल. एवढ्या अंगाला वारा लागतो! सतत काहीतरी आत शिरतं, चिकटतं, कुरतडतं.

जन्मतः मी असा नव्हतो. आरशासारख्या गुळगुळीत चकतीतून मला चौकोनी कापलं. मग ताईंनी मला आम्लात ठेवून माझ्यातून वीज सोडली. ताई म्हणजे प्रयोगशाळेतल्या संशोधक. मुलं कॉलेजात गेल्यावर स्वतः शिकायला आलेल्या. वीज मला पोखरत गेली. माझ्या भावंडांची भोकं सरळ खाली गेली. मला स्फटिकातून वेगळ्या बाजूने कापलेलं, म्हणून माझी भोकं तिरकी, एकाच रेघेवर कललेली.

ताईंचं म्हणणं असं, की या कलामुळे माझ्यात प्रकाशाच्या दोन चाली होणार. त्याची लाट रेघेच्या दिशेने झुलत आली तर हळू, रेघेला आडवी झुलत आली तर जलद. शास्त्रात याला द्विअपवर्तन म्हणतात. अखंड सिलिकॉनला हे जमत नाही, त्याला सगळ्या दिशा सारख्या. जे काही व्हायचं ते भोकांमुळेच.

तपासणी साधी होती, डोळ्यांना न दिसणाऱ्या पण सिलिकॉनमधून आरपार जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाने. दोन खास काचा, प्रत्येक काच एकाच दिशेने झुलणारा प्रकाश सोडते. त्या एकमेकींना काटकोनात ठेवल्या की सगळा प्रकाश अडतो आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा राहतो. मध्ये मी. माझ्यात दोन चाली असतील तर पडदा उजळायला हवा.

मला धरायला वर्कशॉपच्या फिटरकाकांनी पितळेची चौकट केली. "गुण्या लावून काटकोन बघा ताई, केसभर फरक निघाला तर मिशी उतरवीन!"

पडदा काळा. ताईंनी मला काढलं, पाव फेरा फिरवून पुन्हा बसवलं. काळा. असे अकरा दिवस. प्रमुख असलेले मोठे सर एकदा डोकावले. "मॅडम, भोकं पाडून चाळणी होते. शुक्रवारी हे टेबल दुसऱ्यांना देतोय, आवरून ठेवा." आवरून ठेवा म्हणजे मी कचऱ्याच्या बरणीत, आणि ताईंची दोन वर्षं माझ्यामागोमाग.

मी आतून तळमळत होतो. चाली दोन होत्या हो! पण चौकट काटकोनात, काचा काटकोनात, मीही काटकोनात कापलेला. प्रकाश नेमका एकाच चालीच्या वाटेवर यायचा, आला तसाच बाहेर पडायचा आणि दुसऱ्या काचेला आपटायचा. सगळेच इतके सरळ, की कुणाला काही दिसेना.

शुक्रवारी सकाळी काका चौकट न्यायला आले. ताईंनी मला सोडवलं आणि दोन काचांच्या मधल्या रिकाम्या कड्यावर, कडांना चिकटपट्टी लावून, कसंबसं डकवलं.

"ताई, वाकडं लागलंय."

"लागू दे. इतके दिवस सरळच लावलं, काय मिळालं?"

पडदा उजळला.

काका हळूच म्हणाले, "म्हणजे माझी चौकटच..."

"चौकट बरोबरच होती, काका. तिला अर्धवट फिरवून बघायचं मलाच सुचलं नाही. मिशी राहू द्या."

आता प्रकाश माझ्या रेघेला तिरका झुलत आला, दोन्ही चालींत वाटला गेला, एक वाटा मागे पडला आणि बाहेर पडताना त्याची झुलण्याची तऱ्हाच बदलली. दुसऱ्या काचेला तो अडवता येईना.

मोठे सर आले, बघून म्हणाले, "चिकटपट्टी चमकत असेल."

ताईंनी माझ्यावर स्पिरिटचा थेंब सोडला. माझा जीव खालीवर झाला, कारण थेंब सुकताना भिंती एकमेकींना ओढतात, तडा जातो. भोकं भरली, भिंत आणि पोकळी यांतला फरक घटला, पडदा मंदावला. थेंब उडाला. उजेड जसाच्या तसा परत आला.

"चिकटपट्टीला भोकं नसतात, सर," ताई म्हणाल्या.

"पुन्हा करा," म्हणत सरांनी खुर्ची ओढली. तीनदा केलं. टेबल ताईंकडेच राहिलं.

त्याला वर्षं झाली. आज टेबलावर माझ्याहून चांगले तुकडे आहेत आणि मी खणात, उघड्या डबीत. हवेतला ऑक्सिजन माझ्या भिंतींची हळूहळू काच करतो आहे, माझ्या दोन चाली रोज थोड्या जवळ येताहेत. एक दिवस त्यांतला फरक ओळखू येणार नाही.

मित्रांनो, एखाद्यात काही नाही असं ठरवण्याआधी त्याला जरा तिरकं धरून बघा. आणि बघून झालं की डबीचं झाकण तेवढं लावा. वारा येतोय.