फाटकापासून शंभर मीटर

आरोग्य निरीक्षकांनी टेपचं टोक शाळेच्या फाटकाला अडकवलं आणि तंबाखूच्या दुकानापर्यंतचं अंतर तिसऱ्यांदा मोजलं. चौसष्ट मीटर. शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा होता, पण दुकान नगरसेवकाच्या मेहुण्याचं होतं. ऑफिसातले शिपाई निरीक्षकांना मागून ‘टेपराव’ म्हणत. म्हणोत बापडे.

त्या दुकानावर त्यांचा दात होताच. थोरला भाऊ याच शाळेत शिकला, तंबाखूची पहिली पुडी त्याने इथेच घेतली, आणि आता तंबाखूने आखडलेल्या त्याच्या तोंडात जेमतेम एक बोट मावत होतं. वहिनी त्याला पातळ केलेलं जेवण चमच्याने भरवायची. निवृत्त व्हायच्या आत हे दुकान हटवीन, असा शब्द निरीक्षकांनी भावाला दिला होता. निवृत्तीला आता वीस दिवस उरले होते.

आधीच्या चारही नोटिसा वर गेल्या आणि तिथेच मुरल्या. पाचवीवर मात्र बैठक झाली. नगरसेवक भलताच नरम होता. “कायदा म्हणजे कायदा,” तो म्हणाला, “आठ दिवसांत अंतर नियमात बसवतो.” निरीक्षकांचा हर्ष गगनात मावेना. घरी जाऊन त्यांनी भावाला सांगूनही टाकलं.

नवव्या दिवशी ते टेप घेऊन गेले. दुकान जिथल्या तिथे होतं. शाळेच्या फाटकाच्या जागी मात्र भिंत उभी होती, सिमेंट अजून ओलं. नवं फाटक मागच्या गल्लीत काढलं होतं, आणि मुलं दुकानावरून वळसा घालून तिकडे चालली होती. निरीक्षकांनी मोजलं. एकशे एकतीस.

दुकानदाराने स्टूल पुढे केलं. “बसा ना साहेब. तुमच्यामुळेच आम्ही नियमात आलो.”

निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फाटक हलवू नये असं कायद्यात कुठे लिहिलं होतं? ऑफिसात परतून ‘नियमभंग आढळला नाही’ असा अहवाल त्यांनाच लिहावा लागला. सही करताना पेन दोनदा थांबलं.

संध्याकाळी वहिनी भावाला भरवत होती. त्याने चमचा बाजूला सारला आणि मिटल्या दातांतून विचारलं, “हटलं?”

“फाटक हटलं,” निरीक्षक म्हणाले आणि सगळं सांगून बसले.

भावाला हसू आलं. खांदे गदगदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं. तोंड मात्र उघडलं नाही. वहिनी पदराने त्याचे डोळे पुसत राहिली.