ओवीसाठी पेटी

बारामतीतल्या वाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर अनितानं चपला काढल्या.

"आई, घाल चपला. दुकान हाय, देऊळ न्हाय," उत्कर्षा म्हणाली.

अनितानं नुसती मान हलवली आणि अनवाणी आत गेली. मागून तिचा नवरा मानसिंग आला. काढाव्यात का ठेवाव्यात या घोळात त्याची एक चप्पल पायात होती, एक हातात.

भिंतीवर बासऱ्या टांगलेल्या, खाली ढोलक्या, तबले, कोपऱ्यात चादर पांघरून बसलेल्या पेट्या. सगळी वाद्यं गप्प होती आणि गप्प राहूनही आपल्याकडंच बघतायत, असं अनिताला वाटलं. टोमॅटो तोडून तोडून काळपट-हिरवी पडलेली बोटं तिनं पदराखाली घेतली. सेहेचाळिसाव्या वर्षी हे काय काढलं आपण?

पण काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. चैत्रात तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण आवाजाची एक शीर दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वर्षभर वाट बघा, म्हणाले; कुणाचा आवाज परत येतो, कुणाचा नाही. आता अनिता बोलायची ते उसाच्या वाळक्या पाचटावरून पाऊल जावं तसं ऐकू यायचं. आणि उत्कर्षाचं लग्न मार्गशीर्षात होतं. मध्ये उरले होते चार महिने.

हळदीच्या दिवशी त्यांच्या घरात जातं पुजून घाणा भरतात. पाच सवाष्णी खुंट्याला हात लावून बसतात, पण जातं फिरत नाही. आधी नवरीच्या आईनं पहिली ओवी घालायची. तिच्या तोंडून लेकीचं नाव पडलं की मग जातं फिरायचं, हळकुंडं दळायची. अनिताच्या हळदीला तिच्या आईनं घातली होती. आणि अनितानं आपली ओवी चोवीस वर्षांपूर्वीच बांधून ठेवली होती, उत्कर्षा दोन महिन्यांची असताना, लासुर्ण्याच्या मळ्यात बांधावर झोळी बांधून पाणी धरता धरता:

*पहिली माझी ओवी गं, वाहत्या पाटाला*
*उत्कर्षा माझी लेक, निघाली वाटंला*

गेली चोवीस वर्षं ती ही ओवी कामाच्या नादात गुणगुणत आली. तिची चाल दुसऱ्या कुणालाच पुरती येत नव्हती. थोरली जाऊ द्वारकाबाई म्हणाली होती, "घालीन की मी तुझ्या जागी. माझा काय गळा बसलाय व्हय?" तिचा गळा चांगलाच होता. म्हणून तर अनिताला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हा उत्कर्षाच म्हणाली, "आई, गाता येत न्हाय तर वाजव." म्हणून आज ही तिघं इथं उभी होती.

दुकानाचे मालक सोपानराव साठीचे होते. आतल्या खोलीत ते शिकवणीही घ्यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याआधी काय वाजवलंय?"

"थाळी," मानसिंग म्हणाला. "जेवायला उशीर झाला की."

"तात्या!" उत्कर्षानं बापाला कोपरखळी मारली.

"अवो, ढोलकी द्या तिला. धोपटायचा सराव हाय. पंचवीस वर्सं मी हाय ना समोर."

अनिता हसली नाही. मास्तरांनी ते पाहिलं. "ताई, आधी ती चाल ऐकवा. कुणी का म्हणंना."

उत्कर्षानं म्हणून दाखवली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला 'उत्कर्षा' म्हणताना तिनं सरळ म्हटलं, आणि अनितानं चटकन आपल्या मांडीवर चापट मारली. न्हाय. परत म्हटलं. परत चापट. वाफ्याच्या तोंडचं मातीचं दारं मोडलं की पाटाचं पाणी वळतं तसा त्या नावावर सूर वळायचा, थोडा थांबायचा, मग पुढं जायचा. कसा वळायचा ते अनिताला आत ऐकू येत होतं. बाहेर काढून दाखवायला काही नव्हतं. उद्या आपण विसरलो तर? आपल्याशिवाय ही चाल कुणाकडं आहे?

"बासरी बघू," मास्तर म्हणाले.

अनितानं फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. चौथ्या फुंकेला चिमणीएवढा आवाज निघाला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मानसिंगनं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. आता तो थट्टा करत नव्हता.

"पहिल्यांदा सगळ्यांना गरगरतं," मास्तर म्हणाले. "बासरी गोड, पण सूर लागायलाच तीन महिने घेईल. ओवी मग कधी?"

मग विजेवरचा कीबोर्ड झाला. तो मानसिंगला फार आवडला. एक बटण दाबलं की आख्खा बँड वाजायचा. "हे झ्याक! हाताला कायबी तरास न्हाय." अनितानं एक पट्टी दाबून धरली. आवाज आला तो येतच राहिला, बोट उचलेपर्यंत, तसाच्या तसा. तिनं उत्कर्षाच्या कानाशी तोंड नेलं.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणती, ह्यो श्वासच घेत न्हाय."

मास्तरांनी मान डोलावली. मग त्यांनी कोपऱ्यातली चादर काढली आणि एक जुनी पेटी तिच्यापुढं ठेवली. डाव्या हातानं मागचा भाता कसा ओढायचा, उजव्या बोटानं पट्टी कशी दाबायची, ते एकदाच दाखवलं. "नवा माणूस हितंच अडकतो. बोटाकडं ध्यान दिलं की भाता थांबतो. भात्याकडं दिलं की बोट. महिना जातो ह्यात. घाबरायचं न्हाय."

अनितानं डावा हात भात्यावर ठेवला, उजव्याचं एक बोट पट्टीवर. सूर निघाला. तिनं बोट दुसरीवर नेलं, तिसरीवर नेलं, चुकीच्या पट्टीवर नेलं, परत आणलं. भाता एकदाही थांबला नाही. एका लयीत, पुढं मागं, पुढं मागं, जसा काही तो हात तिचा नव्हताच.

मास्तर पुढं वाकले. "ताई, खरं सांगा. पेटी कुठं शिकलाय?"

अनिता घाबरली. काहीतरी चुकलं, असं वाटून तिनं दोन्ही हात उचलले. उत्कर्षा मात्र हसू लागली. "मास्तर, फवारणीचा पंप! पाठीवरचा! डाव्या हातानं दांडा मारायचा, उजव्या हातात नळी. तात्यांचं कंबरडं धरलं तवापासनं आईच मारती."

"सोळा टाक्या मारल्यात एका दिसात," मानसिंग म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, बायकोचं कौतुक होतं.

अनितानं पेटीवर हात फिरवला. हीच घ्यावी असं मन म्हणत होतं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "एक मात्र सांगून ठेवतो. नंतर मला बोल लावू नका. पेटीला पायऱ्या असतात. ह्या सुरावरनं त्या सुरावर घसरत जाता येत न्हाय. तुमच्या लेकीच्या नावावर जे वळण हाय, ते हिच्यात पुरं बसायचं न्हाय. सारंगीत बसंल. पण सारंगीला सालंच्या सालं लागतील."

झालं. जे आणायला आली होती नेमकं तेच या पेटीत नव्हतं. दुसऱ्या कशात होतं, तर तिथं वेळ नव्हता. बाहेर एक रिकामी ट्रॉली दणदणत गेली, बासऱ्या एकमेकींवर हळूच आपटल्या. अनितानं भाता पुन्हा एकदा ओढला. आत हवा शिरताना पेटीनं केलेला तो बारीक सुस्कारा तिला ओळखीचा वाटला.

"हीच," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

चार महिने ती मळ्यातल्या शेडमध्ये, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर पेटी ठेवून बसायची. पांढऱ्या पट्ट्या पंधरवड्यात हिरवट झाल्या. दर गुरुवारी सणसरवरून एस.टी.नं बारामतीला जायची, मास्तरांना चुका दाखवून यायची. पहिली ओळ आली. दुसरीही आली. नावाचं वळण आलं नाही. तिथं बोटं दोन पायऱ्या उतरायची, आणि उतरल्यासारखीच ऐकू यायची. रोज ती त्या जागी येऊन घाबरायची. द्वारकाबाई शेडवरून जाता जाता म्हणायची, "मंडळ काढतीस का काय भजनाचं? आणि हळदीचं काय ठरवलंस? मी तयार हाय हां."

हळदीचा दिवस आला. मांडवात जातं मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, खुंट्याला खण बांधला. उत्कर्षा पाटावर बसली. पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला, त्यांत द्वारकाबाई. अनितानं जात्याशेजारी पेटी ठेवली, भाता ओढला आणि पहिली ओळ वाजवली.

सगळ्या बायकांनी भराभर डोक्यावर पदर घेतले आणि हात जोडले.

गावात पेटी वाजायची ती देवळातच. पेटी वाजली म्हणजे आरती. जात्याच्या खुंट्यावरचे हातही निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, निरांजन कुठाय? ताट आणा ताट!" एक पोरगी ताट आणायला पळाली. एका म्हातारीनं तर टाळ्या धरल्या.

अनिताची बोटं थिजली. सगळा मांडव आरतीची वाट बघत होता. आता कुणीतरी खरंच आरती म्हणेल, मग द्वारकाबाई ओवी घालील, जातं फिरेल, आणि संपलं. तिला उठून पळावंसं वाटलं. पण डावा हात थांबला नव्हता. पुढं मागं, पुढं मागं. टाकी संपेपर्यंत तो थांबायचाच नाही, त्याला तशी सवयच नव्हती.

तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश. *पहिली माझी ओवी गं, वाहत्या पाटाला.* उत्कर्षानं मान वर केली.

नावाची जागा आली. अनितानं तिथं बोटं उतरवली नाहीत. सगळ्या पट्ट्या सोडून दिल्या. भात्यात हवा भरलेली, पण सूर नाही, असा तो क्षण. आणि त्या जागेत अनितानं गळ्यात उरलं होतं तेवढं सगळं ओतलं.

"उत्कर्षा..."

आवाज कसला, फाटक्या धडप्यासारखा होता तो. पण तो वळला. पाट दारं मोडून वळतो तसा वळला, थोडा थांबला, पुढं गेला. मागून बोटांनी उरलेली ओळ पुरी केली.

जोडलेले हात सुटले. द्वारकाबाईनं पदर मागं सारला. "अगं, आरती कसली! घाणा भरतीय ती! लेकीचं नाव पडलं की," ती बायकांवर ओरडली, आणि तिनंच आधी खुंट्याला हात घातला. "धरा गं, धरा. ताट ठिवा तिकडं!"

जातं फिरलं. हळदीचा वास उठला. द्वारकाबाईनं तीच ओवी उचलली, तिच्या त्या खणखणीत गळ्यात. पण नावाशी येऊन ती गप्प झाली आणि तिनं अनिताकडं पाहिलं.

अनितानं पट्ट्या सोडल्या. डावा हात चालूच होता.

"उत्कर्षा," ती म्हणाली.