सरांचं वजन धरून

फिजिक्सच्या चाचणीत मला वीसपैकी तीन मिळाले, त्यातले दोन बहुधा नाव नीट लिहिल्याबद्दल असावेत. दत्तोपंत सरांनी माझ्या बाबांना शिकवणीत बोलावून घेतलं.

"चंद्रभानजी, अपेक्षाला आर्ट्सला टाका. पोरगी वाईट नाही, पण फ्रिक्शन काही हिच्या डोक्यात शिरत नाही."

शिकलेल्या माणसासमोर मान डोलवायची, ही बाबांची जुनी खोड. "तान्हा पोळा होऊन जाऊ द्या सर, मंग पाहू," ते म्हणाले. म्हणजे सण झाला की माझं सायन्स बंद. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

कारण अर्धी चूक सरांची होती. ते रोज फळ्यावर लिहीत: घसरणाऱ्या वस्तूचं फ्रिक्शन म्हणजे म्यू गुणिले एन. एन म्हणजे जमीन त्या वस्तूला खालून जितका रेटा देते तो. आणि एन म्हणजेच वस्तूचं वजन. मग पेपरात त्यांनी खोक्याला दोर बांधला, तोही तिरपा, वरच्या अंगाने ओढणारा. तरीही मी एन म्हणजे वजनच लिहिलं. आरतीसारखं पाठ होतं ते, आणि आरतीचा अर्थ कोण विचारतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सेलूत तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा. पोरं नटूनथटून लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागतात, कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. मग सगळे नंदी मारुतीच्या देवळापुढे रांगेत लागतात आणि सजावटीचं बक्षीस निघतं. सरांनी त्यांच्या नातीसाठी, वेदश्रीसाठी, सागवानाचा एवढा मोठा नंदी करवून घेतला होता की ओढायला स्वतः सरांनाच यावं लागलं. तो आमच्या दारासमोर आला आणि चाकांचा आस कडकन मोडला. चाकं निघून गेली नि खालची सपाट फळी सिमेंटच्या रस्त्यावर बसली.

नऊवारी नेसलेल्या वेदश्रीचा ओठ थरथरायला लागला. उचलायला चार गडी हवे होते आणि गल्लीतले गडी कधीच देवळापुढे पोचले होते. बाबा होते, पण त्यांच्या दुखऱ्या कमरेला पट्टा होता.

"अपेक्षा, तू पुढून ओढ, मी मागून रेटतो," सर म्हणाले.

मी दोर धरला. सर नंदीच्या पुठ्ठ्यावर दोन्ही हात टेकून ओणवे झाले. नंदी हलेना. सरांनी आणखी जोर लावला, म्हणजे पोटासकट त्याच्यावर आडवेच झाले. नंदी आणखी हलेना. मी दोर खांद्यावर घेतला तशी फळीची पुढची बाजू जराशी हलकी झाली. मागची मात्र सरांच्या पोटाखाली रस्त्याला घट्ट चिकटली होती. मला पेपरातलं खोकं आठवलं. वरच्या अंगाने ओढलं की थोडा भार माझ्या खांद्यावर येतो, तेवढा जमिनीवरचा कमी होतो. आणि सर तो मागून भरून काढत होते.

"सर, तुम्ही बाजूले व्हा."

"मी सोडलं तर हलेल का हे?"

"तुम्ही ढकलून नाई राह्यले सर, तुम्ही त्याच्यावर बसून राह्यले. तुमचं वजन एनमध्ये जमा होऊन राह्यलं."

"अपे," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "सरसंग असं बोलतेत का?"

"मंग नंदी काऊन हलून नाई राह्यला, तुम्हीच सांगा."

सर बाजूला झाले. पटलं म्हणून नव्हे, दम लागला म्हणून. मी दोर खांद्यावर आखूड धरला आणि जीव खाऊन हिसका दिला. नंदी सुटला. खरखर आवाज करत, रस्त्याला पांढरी रेघ पाडत तो माझ्यामागे यायला लागला. मला इतका आनंद झाला की हसता हसता दोर सुटणार होता.

शेजारची छायाकाकू आरती घेऊन दारात उभी होती. "थांब वं, नंदीले कुंकू लावू दे."

"काकू, चालता चालता लावा. थांबलो का पुन्हा सुरुवातीचा जोर लागते. वेदे, तू पळत जाजो, बोजारा घेऊन येजो."

"स्टॅटिक जास्त, कायनेटिक कमी," मागून चालणारे सर म्हणाले, जणू नंदीला ही शिकवणी त्यांनीच दिली होती.

आम्ही रांगेत शेवटी लागलो. बक्षीस दुसऱ्याच नंदीला मिळालं. त्याला झेंडूच्या माळा होत्या, शिवाय चाकंही होती. वेदश्रीला त्याचं काही नव्हतं, ती बोजारा मोजत बसली होती.

बाबा घुटमळले. "मंग सर, टाकू का हिले आर्ट्सले?"

सरांनी उपरण्याने मान पुसली. "आधी एक पेपर घेतो."

पेपरात एकच गणित होतं. लाकडी नंदी रस्त्यावरून घसरत आहे, पुढून एक मुलगी दोर तिरपा वर ओढत आहे, मागे सत्तर किलोचे एक गृहस्थ नंदीवर रेलले आहेत. त्यांचं सगळं वजन नंदीवर आहे असं धरून फ्रिक्शन काढा.

मी एन मांडला. नंदीचं वजन, अधिक गृहस्थांचं, वजा मुलीने दोरातून वर उचललेला भार. त्याला म्यूने गुणलं. मग खाली टीप लिहिली: गृहस्थांचं वजन चुकीचं दिलं आहे, पंच्याण्णव धरलं.

सरांनी बाबांना निरोप धाडला, पोरीला सायन्सलाच राहू द्या. पेपर परत आला तेव्हा वीसपैकी वीस होते. माझ्या टिपेतलं पंच्याण्णव मात्र त्यांनी लाल पेनने खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ब्याण्णव.