खोक्यातला बस्ता

माझ्याच गिऱ्हाइकाच्या लग्नाचा बस्ता खोक्यात बांधून माझ्याच दुकानात आला, तवा मला असा संताप आला की त्या खोक्याला लाथच घालावी वाटली. पण वर नाव व्हतं कडूबाईच्या दीपमालाचं. नवरीच्या कपड्याला पाय कसा लावायचा?

शिरूर कासारात आमचं कापडाचं दुकान हाय. गाळा माझ्या बापानं माझ्या नावानं घेतलेला. धंदा मी अन् मालक मिळून बघतो. मालक म्हंजे माझा नवरा, रामेश्वर. आमच्याकडं लगीन ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून बस्ता बांधाया येतेत. नवरीचा शालू, विहिणीचं मानाचं लुगडं, आजीची आजचीर, मामीची, करवलीची, सगळं एका बैठकीत घ्यायचं. मग काय, रुसवेफुगवे, चहा, पुन्हा रुसवे. सकाळी बसलेल्या बाया दिवेलागणीला उठत्यात. कोण कशानं रुसलंय अन् कोणता काठ दावला की हसंल, हे मला तोंड बघून कळतं. लई जीव हाय माझा त्या गादीवर.

पण आताशा बस्तेच येईनात. ज्याचं त्याचं बोट फोनवर. मालकांनी तर हायच खाल्ली. त्यातच एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला पार्सलं ठिवायला गाळा पाहिजे व्हता. नाव घेत न्हाई मी तिचं, तोंड कडू व्हतं. मालक म्हणले, "माल काढून टाकू, गाळा दिऊ, निवांत बसू." रईवारी कंपनीचा माणूस कागद घिऊन येणार व्हता. सही माझीच लागणार.

मी म्हणलं, "कडूबाईचा बस्ता व्हऊ द्या, मग बोलू." कडूबाई माझं जुनं गिऱ्हाईक. ऊस तोडाया निघाली तवा दुकानात येऊन सांगून गेलती, कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजे ऊसतोडीचा हंगाम सरला, की दीपमालाचं लगीन, अन् बस्ता तुझ्याच गादीवर. त्या एका बस्त्याच्या जोरावर मी मालकांशी भांडत व्हते.

अन् शनिवारी हे खोकं! पार्सलवाला म्हणतो, "ताई, वस्तीवर कोण जाईल आता? ऱ्हाऊ द्या इथंच. तसंबी हे आमचंच दुकान व्हणार हाय."

"तुझ्या बापानं बांधलंय का रं?" म्हणलं. पळालाच तो.

दुपारी मायलेकी खोकं न्यायला आल्या. कडूबाईची मान वर व्हईना. मी काय सोडती का! "कावून गं कडूबाई? माझं कापड काय पाचटाचं हाय व्हय? सांगून गेलतीस ना मला?"

ती काही बोलायच्या आधी दीपमालाच पुढं झाली. हातावर उसाच्या पानांचे ओरखडे तसेच व्हते, अजून हळद लागायची व्हती. "मावशी, आईला बोलू नका. म्या मागवलं. अंधारात तोडाया जायचं, अंधारात मोळ्या भरून यायचं. पट्टा पडला तवा लगीन तोंडावर आलतं. बस्ता कवा बांधायचा? फोनमंदी दुकान कोपीत, आमच्या फडावरच्या पाचटाच्या खोपटात आलं म्हणून घेतलं. तुमी आलात का कधी फडावर?"

पोरगी खरं बोलली व्हती अन् म्हणूनच लई झोंबलं.

"बरं, उघडा तरी," म्हणलं.

उघडलं, तर काय! दहाच्या दहा साड्या एकाच गुलाबी रंगाच्या, एकाच काठाच्या. फोटोत एक दिसली, बाकीच्या येगयेगळ्या येतील असं पोरीला वाटलं. अन् सगळ्या सहावारी.

"विहिणीला हीच अन् शेजारणीलाबी हीच? अन् नवरदेवाची आजी नऊवारी नेसती, तिला हे काय उशाला दिऊ?" कडूबाईला रडूच फुटलं. "उद्या दुपारी विहीण बस्ता बघाया येणार हाय गं बबिता. मांडवात नाक कापलं जाईल माझं."

आता हे बाहेरच्यांना हसायासारखं वाटंल. पण आमच्याकडं मानाच्या लुगड्यावरून माणसं ताटावरून उठून गेलेली म्या बघितलीत. वरमाईला न् शेजारणीला एकच साडी म्हंजे तोंडावर सांगणं, की बाई, तुझी आमाला किंमत न्हाई.

"भोगा आता," असं माझ्या ओठावर आलतं, खोटं कशाला बोलू? पण दीपमाला त्या गुलाबी ढिगाकडं बघत उभी व्हती, अन् तिचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. तुमी आलात का कधी?

"रडू नकोस. बस्ता उद्याच बसंल," म्हणलं.

"विहीणबाई चंद्रभागाबाई आमच्या वस्तीपतूर कशाबशा येतील, इथवर न्हाई यायच्या बाई. त्याबी कालच फडावरून आल्यात. पाय सुजलेत त्यांचे."

"त्यांना कोण बोलवतंय? दुकान येतंय वस्तीवर."

रईवारी सकाळी मालक चौसाळ्याला पाव्हण्यांकडं गेलते. मी बाजारचा टेम्पो चालवणाऱ्या हनुमानला बोलावलं अन् दुकान उपसून टेम्पोत भरलं. शालू, इरकली, नऊवारी, साध्या, भारी, एकबी गठ्ठा मागं ठिवला न्हाई. वर गादी टाकली अन् कडूबाईच्या अंगणात, मांडवाखाली, बैठक मारली.

चंद्रभागाबाई नवरदेवाच्या आजीला घिऊन आल्या त्याच नाक मुरडत. "हे काय, टेम्पोत बस्ता?"

"टेम्पोत कशाला, गादीवर बसा की," म्हणलं. "पाय लांब करा. कडूबाई, चहा टाक."

बाई बसल्या. पहिली साडी नको, दुसरी फिक्की, तिसरीचा पदर बारका. चौथीला तर तोंडच फिरवलं. मला असं बरं वाटलं म्हणून सांगू! कधीपासून कुणी माझ्यापुढं असं रुसलं नव्हतं. जांभळं लुगडं काढलं, काठ हिरवा, अन् त्यांच्या मांडीवर नुसतं ठिवलं. बाईनं काठावरून हात फिरवला अन् म्हणल्या, "हे आसू द्या." कडूबाईनं सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला.

तवर वस्तीतल्या बाया जमल्या. कुणाचा बारशाचा कपडा, कुणाला चोळीचा खण. दीपमाला शालू खांद्यावर टाकून आरशात बघत व्हती. तेवढ्यात मालकांची मोटारसायकल आली. मागं कंपनीचा माणूस, हातात कागद.

"अगं, दुकान मोकळं! मला वाटलं चोरी झाली!" मालक वरडले. "लोक काय म्हणतील? चल, सही कर अन् हे आवर."

कंपनीचा माणूस गोड बोलाया लागला. "मॅडम, तुमच्याच फायद्याचं हाय."

दीपमालानं ते गुलाबी साड्यांचं खोकं आणून त्याच्या पुढ्यात आपटलं. "दादा, हे आधी परत न्या."

"ते फोनवरून करावं लागतं."

"का? तुमी हात घरी ठिवून आलात का?" बाया अशा हसल्या की तो बिचारा मोटारसायकलीच्या मागं जाऊन उभा ऱ्हायला.

पण मालक हसले न्हाईत. जवळ आले अन् हळूच म्हणले, "बबिता, आज झालं. उद्या काय? रोज कुणाचं लगीन असतंय? असं वस्तीवस्तीनं कोण फिरंल?"

"मी फिरीन. अन् दिवाळीनंतर फडावर जाईन. कोपीपुढं गादी टाकीन."

"अन् न्हाई चाललं तर?"

मी सगळ्यांपुढं मोठ्यानं बोलले. "न्हाई चाललं तर न्हाई चाललं! माझं दुकान बुडायचं तर गिऱ्हाइकाच्या दारात बुडू द्या. पण माझ्या बापाच्या गाळ्यात त्यांची खोकी रचायला मी सही करणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, कवाच न्हाई."

मी आजीसाठी काढलेलं नऊवारी उलगडलं अन् एक टोक मालकांच्या पुढं केलं.

"तो कागद ठिवा खिशात अन् पदर धरा. आजीला काठ दिसंना झालेत."

त्यांनी एकदा कंपनीच्या माणसाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कागदाची घडी घातली, खिशात कोंबली, अन् पदर धरला.