उघड्या हवेतला निकाल

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, झांबियात बांगवेउलू सरोवराकाठच्या एका लहान दवाखान्याच्या भिंतीवर माझे आयुष्य गेले. तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळेतून सिस्टर कासुबांच्या खोलीत हवेतून पोहोचवणे, हे माझे काम. मला बसवणाऱ्या मुसोंडाने परवलीच्या शब्दाचे कुलूप लावून दिले होते. त्यामुळे माझे बोलणे वाटेत इतर कोणाला उमगत नसे.

रुग्णासोबत त्याचे अख्खे घर येई आणि आंब्याखाली चूल मांडी. ती माणसे मोबाइलवर इंटरनेट चालावे म्हणून परवलीचा शब्द मागत. तो नाकारणे सिस्टरना दारी आलेल्याला पाणी नाकारण्यासारखे वाटे. अखेर त्यांनी कुलूपच काढायला सांगितले.

“सिस्टर, हे नुसतं पाहुण्यांना अडवायला नाही,” मुसोंडा म्हणाला. “कुलूप काढलं तर याचं बोलणं कुंपणाबाहेरचाही ऐकेल.”

“ऐकू दे की. खोकला नि ताप, दुसरं काय आहे आमच्याकडे?”

कुलूप निघाले. या डबीचे मन मोठे आहे, असे म्हातारे म्हणू लागले. ते ऐकून मी सुखावत असे.

मोबाइल दुरुस्त करणारा काबासोही मांडीवर संगणक घेऊन आंब्याखाली बसे. माझ्यातून जाणारे सारे तो वाचत होता.

छोट्या चोलाची आई बाजारात मासे विकायची. तिला एचआयव्हीची लागण झाल्याचा निकाल मी असाच उघड्यावर नेला. रोज गोळ्या घेतल्यास चोलाला मोठी होताना पाहशील, असे सिस्टरनी तिला जवळ बसवून समजावले. ती बाजारात परतली, तेव्हा बातमी तिच्याआधी पोहोचली होती. तिच्या माशांना कोणी हात लावला नाही.

ती पुन्हा गोळ्या न्यायला आली नाही. सिस्टर घरी गेल्या, तर दाराआडूनच तिने विचारले, “कोणाला सांगितलंत तुम्ही?” सिस्टरनी शपथ घेतली. “मग गावाला कसं कळलं?” दार उघडले नाही.

मुसोंडाने शोध घेतला, काबासोला पोलिसांनी नेले, माझे कुलूप परत लागले. पावसाळा संपण्याआधी चोलाची आई गेली.

आता कोणी परवलीचा शब्द मागितला की सिस्टर माठातले पाणी देतात. “पाणी माझं आहे, म्हणून देते,” त्या म्हणतात. “हे माझं नाही.”

मित्रांनो, दुसऱ्याने विश्वासाने दिलेली गोष्ट कुलपाविना हवेत सोडू नका. ती परत बोलावता येत नाही.

आज सकाळी आजीचे बोट धरून चोला तपासणीला आली. तिचा निकाल मी कुलूपबंद नेला. आईचे साऱ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला सांगितले. चोलाचे मी सांगणार नाही.